दमट हवेतल्या कृत्रिम गवताची दुरुस्ती: आधी निचरा, मग सफाई, शेवटी ग्लू

कृत्रिम गवताच्या दोन तुकड्यांमधला जोड उकलला की बहुतेक जण ग्लूची ट्यूब घेऊन येतात. उकललेली कड उचलायची, खाली ग्लू पिळायचा, पायाने दाबायचं आणि वर दोन कुंड्या ठेवून द्यायच्या. पुढच्या जोराच्या पावसानंतर तोच जोड पुन्हा तोंड वर काढतो आणि शिव्या बसतात ग्लूला. ग्लू बहुधा चांगलाच असतो. तो चिकटलेला असतो जुन्या रेतीला, शेवाळाच्या बुळबुळीत थराला, ओलसर पट्टीला. गवताच्या पाठीला चिकटायची संधीच त्याला मिळालेली नसते.

कोरड्या हवेत असा निष्काळजीपणा कधीकधी खपून जातो. दमट वस्तीत, त्यातही सावलीच्या अंगणात, गच्चीत किंवा दोन इमारतींमधल्या बोळात, तो खपत नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. निचरा न तपासता सफाई केली तर शेवाळ परत येतं, आणि सफाई न करता चिकटवलं तर जोड परत सुटतो.

## पूर्वतयारी: आपलं गवत कसलं आहे ते ओळखा

पाती बहुतेक पॉलिइथिलिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची असतात. दोन्ही प्लास्टिकं पाणी पीत नाहीत, त्यामुळे दमटपणाने पाती कुजत नाहीत. दमटपणाचा मार बसतो पाठीला. गवत उलटून पाहिलंत तर विणलेल्या कापडावर एक लेप दिसेल. हाच लेप पात्यांचे झुबके धरून ठेवतो. तो लॅटेक्सचा असेल किंवा पॉलियुरेथेनचा. लॅटेक्स सतत ओला राहिला की वर्षागणिक कमजोर होत जातो. पॉलियुरेथेन ओल बराच सोसतं. जुनं बिल किंवा रोलचं लेबल सापडलं तर ते बघाच, कारण पुढे ठिगळ लावताना हीच माहिती लागते.

दुसरी गोष्ट, गवताखाली काय आहे? मातीवर खडीचा थर, की काँक्रीट, की फरशी? गच्ची असेल तर त्याखाली वॉटरप्रूफिंग आहे का? आणि पात्यांच्या बुडाशी इनफिल, म्हणजे रेती किंवा रबराचे दाणे, आहेत का? या सगळ्याची उत्तरं मिळेपर्यंत कटर हातात घेऊ नका.

सामान फार लागत नाही. प्लास्टिकच्या कडक केसांचा ब्रश, धारदार कटर आणि जास्तीची पाती, प्लास्टिकचा फावडा, व्हॅक्यूम क्लीनर, १५ ते ३० सेंटीमीटर रुंदीची सीम टेप (जोडाखाली अंथरायची पट्टी), ग्लू पसरायला दातेरी पट्टी, दाब द्यायला रेतीच्या पिशव्या, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. तारेचा ब्रश घरात असला तरी तो तिथेच राहू द्या. तो पात्यांची टोकं फाडतो, आणि फाटलेली टोकं धूळ धरून ठेवतात.

## टप्पा १: कोपरा उचला आणि खाली बघा

वरून पाहून निदान होत नाही. जिथे सगळ्यात जास्त सावली असते तो कोपरा निवडा, कडेचे खिळे किंवा चिकटपट्टी सोडवा आणि गवत हातभर मागे दुमडा.

आधी वास घ्या. कुबट वास आला तर पाणी साचून राहतंय. नुसता मातकट वास काळजीचा नाही. मग पाठीवरून बोट फिरवा. बोटाला काळपट चिकट थर लागला तर तो शेवाळ, धूळ आणि कुजलेल्या पानांचा गाळ. तो धुऊन जातो. पण बोटाबरोबर लेपाचेच तुकडे सुटून येत असतील, ओल्या खोडरबराच्या चुऱ्यासारखे, तर लॅटेक्स मोडायला लागलं आहे आणि या भागात नुसतं चिकटवून काही साधणार नाही.

मग झुबक्याची परीक्षा. चिमटीत एक झुबका धरा आणि वरच्या दिशेने बेताने ओढा. तो हलता कामा नये. वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणी हे करा. एखाददुसऱ्या जागी झुबका निघाला तर ठिगळाने भागेल. जागोजागी सहज निघत असतील तर थेट शेवटच्या भागाकडे वळा. मधले कष्ट वाया जातील.

खालची जमीनही बघून घ्या. मुंग्यांनी वर आणलेली माती, गांडुळांचे ढीग, झाडांची बारीक मुळं, खिळ्यांभोवतीचे गंजाचे डाग. काय दिसलं त्याचे फोटो काढून ठेवा. गवत पुन्हा अंथरल्यावर नेमकी जागा आठवत नाही.

तपासा: उचललेल्या कोपऱ्याखालची जमीन पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ओली आहे का? असेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

## टप्पा २: पाणी कुठे अडतं ते शोधा

साधारण १ चौरस मीटर जागेवर झारीने १० लीटर पाणी सावकाश ओता. पात्यांमध्ये दिसणारं पाणी एक-दोन मिनिटांत गायब झालं पाहिजे. पाच मिनिटांनंतरही चकाकत असेल तर निचरा अडला आहे. ही परीक्षा किमान तीन जागी करा: मध्यभागी, सगळ्यात सखल जागी आणि भिंतीलगत. भिंतीलगतची जागा बहुतेक जण विसरतात, आणि शेवाळ नेमकं तिथूनच सुरू होतं.

पाणी अडण्याची कारणं तीनच प्रकारची असतात.

भोकं बुजलेली असणं. पाठीला ठरावीक अंतरावर ५-६ मिलीमीटरची भोकं असतात. गाळ आणि बारीक माती त्यांत बसते. गवत उलटता येत असेल तर खालच्या बाजूने बोथट स्क्रूड्रायव्हर घालून ती मोकळी करा. नवीन भोकं पाडायचीच असतील तर चामड्याला भोक पाडायचा पंच वापरा. गरम सळई लावली की कडेला वितळलेल्या प्लास्टिकची गाठ होते आणि तिच्यावर गाळ पुन्हा अडतो.

उतार नसणं. मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर ढाळ पुरतो. दोन खुंट्यांना दोरी ताणून आणि लेव्हल लावून मोजा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. मातीवरच्या लॉनमध्ये खड्डा पडला असेल तर गवत दुमडून तिथला चिखल काढा आणि धुतलेली खडी थराथराने ठोकून भरा. पूर्ण पाया नव्याने करायचा तर ठोकून ७५ ते १०० मिलीमीटर जाडी हवी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वरचा थर सपाट दिसावा म्हणून क्रशरची भुकटी जाडसर पसरणं. ओली भुकटी घट्ट बसते आणि खालची खडी असून नसल्यासारखी होते.

गवत थेट फरशीला चिकटून असणं. गच्ची आणि बाल्कनीत हेच होतं. उतार असला तरी पाठ आणि काँक्रीट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकून राहतो आणि हवा लागत नसल्याने वाळत नाही. त्यावर इलाज म्हणजे खाली उंचवटे असलेली प्लास्टिकची ड्रेनेज मॅट किंवा जाळीदार टाइल घालणं. पायाला मऊ लागावं म्हणून खाली जुना गालिचा किंवा साधा फोम अंथरणारे मी खूप पाहिलेत. तो फोम ओला स्पंज होऊन बसतो. असा थर सापडला तर दया न दाखवता काढून टाका.

आता वरून येणाऱ्या पाण्याकडे बघा. एसीच्या नळीतून दिवसभर पडणारे थेंब, गळका नळ, कुंड्यांच्या तळातून झिरपणारं खताचं पाणी. एसीच्या थेंबांखाली हिरवा गोल डाग असतोच. नळी थेट मोरीपर्यंत न्या आणि कुंड्या स्टँडवर चढवा. खतात लोह असेल तर पात्यांवर तांबूस डाग पडतात, आणि ते निघता निघत नाहीत.

सावधान: गच्चीतल्या गवताला खिळे ठोकू नका. एक खिळा वॉटरप्रूफिंगमधून गेला की खालच्या घराचं छत गळतं. तिथे वजन, दुतोंडी टेप किंवा कडेची पट्टी एवढंच वापरा.

निचरा सुधारल्यावर झारीची परीक्षा पुन्हा घ्या. साचलेलं पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर उबदार हवेत डासांची एक पिढी तयार व्हायला तेवढा वेळ पुरतो, मग ते पाणी गवताखाली का असेना.

## टप्पा ३: सफाई, आणि तीही क्रमाने

सुरुवात कोरड्या ब्रशने. पानं, केस, धूळ, चिकटलेला कचरा आधी कोरडाच काढा. पाणी आधी मारलं की हाच कचरा चिखल होऊन बुडाशी बसतो. बुरशी आणि शेवाळ प्लास्टिकवर पोसत नाहीत. बुरशीचं पोट या कचऱ्यावर भरतं, आणि शेवाळाला ओल आणि क्षार त्यातूनच मिळतात. म्हणून औषधापेक्षा ब्रशचा उपयोग जास्त.

शेवाळाचे डाग राहिले तर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा, अर्धा तास थांबा, ब्रश मारा, भरपूर पाण्याने धुवा. शेजारी संगमरवर, चुनखडीचा दगड किंवा उघडं काँक्रीट असेल तर फवारा तिकडे जाऊ देऊ नका, आम्लाने त्यावर पांढरे चट्टे पडतात. व्हिनेगरने भागलं नाही तर बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेलं शेवाळनाशक लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात वापरता येतं. मात्र ते मांजरांना आणि माशांना घातक आहे. पूर्ण वाळेपर्यंत जनावरं आत येऊ देऊ नका आणि धुतलेलं पाणी तळ्यात जाणार नाही हे बघा.

मखमलीसारखं जाड हिरवं शेवाळ असेल तर ओलं असताना खरवडू नका. ओलं असताना ते तुटतं आणि बारीक तुकडे सगळीकडे पसरतात. आधी वरच्या शेवाळनाशकाने ते मारा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मग पापुद्रे ब्रशने आणि व्हॅक्यूमने उचला.

पाळीव प्राण्यांच्या लघवीचा वास हे वेगळं प्रकरण आहे. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि दमट, वारा नसलेल्या जागी तो वास तिथेच घुटमळतो. सुगंधी फिनेलने तो तात्पुरता झाकला जातो, एवढंच. आधी पाण्याने भरपूर धुवा, मग एन्झाइमचं क्लीनर (यात घाण पचवणारे जिवाणूही असतात) ओता आणि लेबलवर दिलेला वेळ जागा ओली राहू द्या. त्या दिवशी दुसरं कुठलंही जंतुनाशक मारू नका, नाहीतर क्लीनरमधले जिवाणूच मरतील आणि मेहनत फुकट जाईल.

सावधान: ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते व्हिनेगरबरोबर आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाबरोबर आलं की क्लोरामाइनची वाफ. म्हणजे लघवीने भिजलेल्या गवतावर ब्लीच ओतणं हा सरळ धोका आहे. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही एका बाटलीत मिसळू नका. माझं मत विचाराल तर घरगुती लॉनला ब्लीचची गरजच पडत नाही.

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पंख्यासारखा फवारा ठेवा, नोझल किमान ३० सेंटीमीटर दूर आणि तिरपं धरा. जोडांवर थेट मारू नका. सरळ उभ्या धारेने इनफिल उडतं आणि जोडाखालची टेप सुटते. धुताना रबराचे दाणे वाहत असतील तर मोरीच्या तोंडाशी जाळी लावा.

## टप्पा ४: वाळवणं

हा टप्पा गाळणाऱ्यांची संख्या सगळ्यात मोठी आहे, आणि जोड सुटण्याचं मुख्य कारणही हेच. वर हात लावला की गवत कोरडं लागतं, म्हणून काम सुरू होतं. पण ओल बघायची ती पात्यांची नाही, पाठीची आणि जमिनीची.

दुरुस्तीचा भाग दुमडून दोन्ही बाजूंना उघडा ठेवा. खाली विटा किंवा ठोकळे घालून वारा खेळू द्या. सावलीची जागा असेल तर पंखा लावा. नंतर काँक्रीटवर सुमारे ४५ सेंटीमीटरचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने सील करून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर आतून ओल वर येते आहे. अजून थांबा.

वेळ निवडताना दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते ते तापमान. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो दिलेला असतो. ज्या पृष्ठभागावर ग्लू लावायचा त्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. सावलीतली फरशी २७-२८ अंशांवर असते. म्हणजे डोळ्यांना कोरडी दिसणारी फरशी दव धरण्याच्या अगदी काठावर असते. स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर हे मोजणं क्षणाचं काम आहे.

सकाळचं दव उडून गेल्यावर काम सुरू करावं आणि संध्याकाळच्या तीन-चार तास आधी आवरावं. पुढच्या २४ तासांत पावसाचा अंदाज असेल तर दुसरा दिवस बघा.

## टप्पा ५: उकललेला जोड चिकटवणं

### ग्लू कोणता

पाण्यावर आधारलेला ग्लू इथे नको. तो पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो, आणि गवताची पाठ व काँक्रीट यांच्या सांदीत पाणी उडून जायला वाटच नसते. सिलिकॉन या प्लास्टिकांना धड धरत नाही. हॉट ग्लू गनची साधी कांडी उन्हात मऊ पडते, कारण भर उन्हात गवताचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो.

राहिलं पॉलियुरेथेन. त्यात दोन जाती. एक-घटक ग्लू हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो, म्हणून दमट हवेत त्याच्यावर लवकर साय धरते. लांबलचक पट्टा एकदम लावून ठेवाल तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा चिकटपणा गेलेला असतो. मीटर-दीड मीटरच्या टप्प्याने काम करा. दोन-घटक ग्लूचं प्रमाण वजनाने किंवा मापाने नेमकं घ्या, अंदाजाने नाही. उष्ण हवेत तो डब्यातच लवकर घट्ट होतो, म्हणून थोडाथोडा कालवा.

दोन्ही जातींचं एक वैर समान आहे, साचलेलं पाणी. पॉलियुरेथेनमधला आयसोसायनेट हा घटक पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ग्लू फसफसतो. वाळल्यावर तो फुगलेला, भोकाभोकांचा दिसतो आणि नखाने दाबला तरी मोडतो. तुमचा सुटलेला जुना जोड उचलून पाहा. तिथे असा पिवळसर पोकळ थर दिसला तर मागच्या वेळी काय चुकलं हे कळलंच.

### कृती

१. जोडाच्या दोन्ही बाजूंचं गवत ३०-४० सेंटीमीटर मागे दुमडा. दुमडलेला भाग वजनाने धरून ठेवा.

२. जुनी टेप पूर्ण काढा. जुना ग्लू पाठीवरून खरवडा. लेप निघणार नाही एवढ्याच जोराने.

३. रेतीचा कणही राहू देऊ नका. व्हॅक्यूम मारा, मग कोरड्या फडक्याने पुसा.

४. ग्लू न लावता दोन्ही कडा एकदा बसवून पाहा. पाठीच्या दोन कडांमध्ये १ ते २ मिलीमीटर फट राहिली पाहिजे. कडा एकमेकींवर चढल्या तर उंचवटा दिसतो. फट जास्त राहिली तर जोडाची काळी रेघ दिसते. उन्हात गवत पसरतं, थंडाव्यात आकसतं, म्हणून हे मोजमाप गवत वाळून, सरळ होऊन तासभर पडून राहिल्यावर घ्या.

५. टेप जोडाच्या बरोबर मध्यावर अंथरा, खरबरीत बाजू वर. जमिनीवर खडूने मधली रेघ मारलीत तर टेप सरकली की लगेच कळतं.

६. दातेरी पट्टीने ग्लू टेपवर एकसारखा पसरा. ढीग नको, सुके डागही नकोत.

७. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मग एक कड बसवा, नंतर दुसरी. वरून एकदम न टाकता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत जा आणि मध्ये अडकलेली पाती बोटांनी बाहेर काढत जा.

८. रेतीच्या पिशव्या सलग ठेवा आणि २४ तास हलवू नका. कुंड्यांचा दाब फक्त त्यांच्या तळाखाली पडतो, मधला भाग उचललेलाच राहतो. ओल्या बुडाच्या कुंड्या तर नकोच.

तपासा: पिशव्या काढल्यावर जोडाजवळची पाती चिमटीत धरून हलकेच वर ओढा. पाठ टेपसकट एकजीव वर आली पाहिजे. कड एकटीच उचलली तर तेवढा भाग आत्ताच पुन्हा करा. नंतर त्यात पाणी शिरतं.

पात्यांना ग्लू लागला तर पुसायला जाऊ नका, तो आणखी पसरतो. रबरासारखा झाल्यावर तेवढी टोकं कात्रीने कापा.

## टप्पा ६: ठिगळ

जळलेली, फाटलेली किंवा झुबके निघालेली जागा असेल तरच ठिगळ लावा. आधी कारण दूर करा. शेजारच्या खिडकीच्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन गवत वितळल्याची उदाहरणं बरीच असतात. पॉलिइथिलिन १२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि काचेने एका जागी गोळा केलेलं ऊन त्याला पुरतं. काचेवर बाहेरून पडदा किंवा जाळी लागल्याशिवाय तिथे ठिगळ लावलंत तर तेही वितळेल.

तुकडा कुठून घ्यायचा? नवीन तुकडा जुन्या लॉनच्या मध्यात लावला की रंग वेगळा उठून दिसतो. त्यापेक्षा कपाटामागचा, झाडाच्या कुंडीखालचा किंवा भिंतीच्या कोपऱ्यातला जुना तुकडा कापून मध्यात लावा आणि नवीन तुकडा त्या कोपऱ्यात. काम दुप्पट होतं, पण नजरेला ठिगळ सापडत नाही.

खराब जागेपेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर मोठा चौकोन आखा. गोल किंवा वेडावाकडा आकार नको. पाठीवर टाक्यांच्या सरळ रांगा दिसतात. कापायचं ते दोन रांगांच्या मधून आणि शक्यतो पाठीकडून. वरून कापावंच लागलं तर स्क्रूड्रायव्हरने पाती दोन बाजूंना सारून रांग मोकळी करा. कटरचं पातं पाठीच्या जाडीपुरतंच बाहेर काढा. खाली वॉटरप्रूफिंग किंवा वायर असू शकते.

कापलेला खराब चौकोन फेकू नका, तोच तुमचा साचा. तो आणि नवीन तुकडा दोन्ही पालथे ठेवा, टाक्यांच्या रांगा जुळवा आणि कडेने आखा. त्याआधी लव तपासा: तळहात एका दिशेने फिरवला की गवत गुळगुळीत लागतं, उलट फिरवला की टोचतं. दोन्ही तुकड्यांच्या पाठीवर गुळगुळीत दिशेचा बाण खडूने काढा आणि बाण एकाच दिशेला ठेवा. लव उलटी बसली तर तोच रंग, तीच जात असूनही ठिगळ एका बाजूने फिकट आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसतं. ही चूक ग्लू वाळल्यावर दुरुस्त होत नाही.

टेप चौकोनाच्या चारही कडांखाली जाऊ द्या, निम्मी जुन्या गवताखाली आणि निम्मी ठिगळाखाली. कोपऱ्यांत टेपवर टेप चढवू नका, तिथे उंचवटा येतो. बाकी कृती जोडाचीच.

## टप्पा ७: सुरकुत्या आणि कडा

सुरकुती उन्हात, गवत उबदार असताना काढा. जवळच्या कडेचे खिळे सोडवा, गवत ताणा, नव्याने बसवा. मध्यभागी मोठी सुरकुती राहिलीच तर टाक्यांच्या रांगेतून चीर देऊन जास्तीची पट्टी काढा आणि टप्पा ५ प्रमाणे जोड करा. मातीवरच्या लॉनला खिळे जस्त चढवलेलेच हवेत. साधे लोखंडी खिळे दमट मातीत गंजतात, फुगतात आणि भोवतालची पाठ खातात.

कडेने उगवणारं तण हाताने उपटा. डिझेल, रॉकेल वगैरे ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने पाठीचा लेप खराब होतो.

## टप्पा ८: रेती परत भरणं

ग्लू पूर्ण घट्ट झाल्यावरच, आणि गवत व रेती दोन्ही खडखडीत कोरडी असताना. ओली रेती पात्यांच्या टोकांवर गोळे होऊन बसते, खाली उतरत नाही. घरगुती लॉनला सहसा चौरस मीटरमागे ५ ते १० किलो लागते. नेमका आकडा पात्यांच्या उंचीवर आणि दाटपणावर ठरतो. एकदम ओतू नका. दोन-तीन पातळ हातांनी पसरा आणि प्रत्येक हातानंतर लवेच्या उलट दिशेने ब्रश मारा.

रेती धुतलेली, गोल दाण्याची सिलिका हवी. बांधकामाच्या रेतीतली माती भोकं बुजवते. समुद्राची रेती तर दमट भागात मुळीच नको. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लॉन कधी पुरतं सुकतच नाही.

## नेहमीची देखभाल

आठवड्यातून एकदा पानं गोळा करणं आणि उलट्या दिशेने ब्रश, एवढं पुरतं. पावसाळी दिवसांत सावलीच्या कडेला हे दोनदा करा. महिन्यातून एकदा खुर्च्या, झोपाळा, पायपुसणी, मुलांची खेळणी उचलून जागा बदला. पायपुसण्याखालचं गवत तर कित्येक घरांत वर्षभर उजेड बघत नाही. हवा भरून फुगवलेला पोहण्याचा टब रात्रभर गवतावर ठेवू नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झारीची परीक्षा घ्या आणि टप्पा १ मधला तोच कोपरा उचलून जुन्या फोटोशी ताडून पाहा.

रोज पाणी मारण्याची सवय असेल तर मोडा. धूळ बसते म्हणून पाणी, पाण्याने शेवाळ, शेवाळ जावं म्हणून आणखी पाणी, असं चालू राहतं.

## दुरुस्ती कधी करू नये

झुबके जागोजागी सुटत असतील, पाठीचा लेप बोटाला चुरा होऊन लागत असेल, किंवा एकच जोड योग्य रीतीने चिकटवूनही पुन्हा सुटला असेल, तर गवत बदला. लेपच हातात येत असेल तर ग्लू कितीही भारी असला तरी तो धरणार कशाला?

बदलताना जुनं गवत काढल्यावर लगेच नवीन अंथरू नका. खालचा पाया उघडा असतानाच ढाळ, खडी आणि मोरीचं तोंड दुरुस्त होतं, नंतर पुन्हा ती संधी मिळत नाही. नवीन रोल घेताना पाठ पॉलियुरेथेनची मागा, भोकं मोजून बघा, आणि लागेल त्यापेक्षा अर्धा-एक चौरस मीटर जास्त घ्या. उरलेला तुकडा गुंडाळून माळ्यावर टाकू नका. लॉनच्याच एखाद्या कडेला अंथरून ठेवा, म्हणजे तो बाकीच्या गवताबरोबरच विटेल आणि ठिगळाला लागेल तेव्हा रंग जुळेल.